अपुरी झोप आणि वारंवार होणारी सर्दी: संबंध नेमका किती खरा?

पहाटवारा

गेले पाच महिने माझी झोप सलग अशी होत नाही. आईचे दुखणे लांबणीचे आहे. तिला रात्री तीन-चार वेळा उठवून बसवावे लागते, कधी औषध द्यावे लागते, कधी नुसतेच शेजारी बसून राहावे लागते. त्यामुळे अंथरुणावर मी सात तास असले तरी प्रत्यक्ष झोप पाच-साडेपाच तासांच्या वर जात नसावी, आणि तीही तुकड्यातुकड्यांची. ह्याच पाच महिन्यांत मला तीन वेळा सर्दी-खोकला झाला आणि त्यातला शेवटचा खोकला जवळजवळ तीन आठवडे रेंगाळला. त्याआधीच्या दोन वर्षांत मिळूनही मी इतक्या वेळा आजारी पडल्याचे मला आठवत नाही.

एका सहकाऱ्याने काळजीपोटी मला एक संदेश पाठवला आहे. एक रात्र जरी चार तासच झोप मिळाली तरी रोगप्रतिकारशक्ती ७० टक्क्यांनी घटते, असे त्यात लिहिले आहे. तसे असते तर माझी प्रतिकारशक्ती एव्हाना शून्याच्या खाली गेली असती, म्हणून त्यावर माझा विश्वास बसत नाही. पण ते वाचल्यापासून रात्री जाग आली की तोच आकडा डोक्यात फिरतो आणि मग उरलेली झोपही जाते.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. अपुरी झोप आणि संसर्ग ह्यांचा संबंध माणसांत खरोखर तपासून पाहिलेला आहे, की दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून आपण त्या एकमेकींना जोडतो? त्रास कमी तासांचा होतो की झोपमोडीचा? दिवसा काढलेल्या डुलकीने काही भरून निघते का? शिवाय ह्या महिन्यात मला फ्लूची लस घ्यायची आहे. झोपेची ही अवस्था असताना ती घ्यावी की पुढे ढकलावी? जाणकारांनी सवडीने लिहावे.

पेशीपुराण

रोगप्रतिकारशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय आहे. मी रुग्ण तपासत नाही, तेव्हा तुमच्या खोकल्याबद्दल माझ्याकडून निदानाची अपेक्षा ठेवू नये. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मात्र निःशंकपणे देता येते. संबंध आहे, आणि तो निरोगी माणसांच्या नाकात मोजून मापून विषाणू सोडून तपासलेला आहे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन ह्यांनी सहकाऱ्यांसह २००९ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. २१ ते ५५ वर्षे वयाच्या १५३ निरोगी स्त्री-पुरुषांना त्यांनी सलग १४ दिवस आदल्या रात्रीची झोप विचारली: किती तास झोपलात आणि अंथरुणावरच्या वेळापैकी किती वेळ खरोखर झोपेत गेला. त्यानंतर त्या सर्वांना वेगळे ठेवून त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे, म्हणजे रायनोव्हायरसचे, थेंब टाकले आणि पाच दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवले. सर्दी झाली की नाही हे त्या माणसाच्या सांगण्यावर सोडलेले नव्हते. वापरलेले कागदी रुमाल गोळा करून त्यातल्या शेंबडाचे वजन केले जात होते. (विज्ञानाची सेवा कोणकोणत्या रूपात करावी लागते, ह्याचे हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.) सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ किंवा अधिक तास झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली.

ह्यावर रास्त आक्षेप असा होता की माणसे स्वतःच्या झोपेचा हिशेब नीट सांगत नाहीत. म्हणून एरिक प्राथर, कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६४ जणांच्या मनगटाला हालचाल टिपणारे उपकरण सात रात्री बांधले आणि मग तोच विषाणू-थेंबांचा क्रम केला. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत पाच तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत हे प्रमाण साडेचार पट, तर पाच ते सहा तास झोपणाऱ्यांत सव्वाचार पटीच्या आसपास आले. सहा ते सात तासांच्या गटात मात्र ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. म्हणजे धोका एका सरळ रेषेत वाढत गेला नाही, सहा तासांच्या खाली त्याने उडी मारली.

आता त्या ७० टक्क्यांविषयी. हा आकडा बहुधा मायकेल अर्विन ह्यांच्या १९९४ सालच्या अभ्यासातून निघाला असावा. त्यात २३ पुरुषांना एका रात्री पहाटे तीन ते सातपर्यंत जागे ठेवून त्यांच्या रक्तातील 'नॅचरल किलर' पेशींची मारकक्षमता मोजली होती. विषाणूने बाधलेल्या पेशींना पहिल्या फळीत गाठून मारणाऱ्या ह्या पेशी. २३ पैकी १८ जणांत ती क्षमता घटली आणि तिची सरासरी मूळ पातळीच्या ७२ टक्क्यांवर आली. 'टक्क्यांवर' आली, 'टक्क्यांनी' घटली नाही. एका प्रत्ययाच्या चुकीने २८ टक्क्यांची घट ७० टक्क्यांची होऊन बसते. शिवाय नॅचरल किलर पेशी म्हणजे संपूर्ण प्रतिकारशक्ती नव्हे, ती तिची एक तुकडी आहे. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद त्या संदेशात कधीच नसते: पुढची एक रात्र नेहमीसारखी झोप मिळाल्यावर ती क्षमता मूळ पातळीवर परत आली होती. तेव्हा जाग आल्यावर डोक्यात फिरण्याच्या लायकीचा तो आकडा नाही.

तिरकस रेघ

वरील प्रयोगांबद्दल मला वाद घालायचा नाही. ते चांगले प्रयोग आहेत. पण मूळ प्रश्न 'मला सर्दी झोपेमुळे होते का' असा आहे, आणि प्रयोगशाळेतून तिथपर्यंत पोहोचताना वाटेत दोन-तीन ठिकाणी घसरायला होते. संख्याशास्त्राशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे तेवढ्याबद्दलच लिहितो.

पहिली घसरण 'साडेचार पट' ह्या शब्दांवर होते. हा आकडा धोक्याच्या पटीचा नाही, तो शक्यतांच्या गुणोत्तराचा आहे. म्हणजे आजारी पडणारे आणि न पडणारे ह्यांच्यातले प्रमाण एका गटात दुसऱ्याच्या किती पट, हे तो सांगतो. समजा, भरपूर झोपणाऱ्या १०० जणांपैकी २० जणांना सर्दी झाली. त्यांचे प्रमाण २० विरुद्ध ८०, म्हणजे पाव. ह्याच्या साडेचार पट केली तर सव्वापेक्षा थोडे कमी येते, आणि त्याचा उलटा हिशेब मांडला की १०० पैकी सुमारे ५३ जणांना सर्दी होईल असे निघते. वीसाच्या जागी त्रेपन्न हा फरक मोठाच आहे, पण तो अडीच पटीच्या थोडा वर आहे, साडेचार पट नाही. सर्दीसारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारात ही दोन मापे एकमेकांपासून बरीच दूर जातात. बातम्यांत हा भेद सहसा पाळला जात नाही.

दुसरे असे की त्या प्रयोगात प्रत्येकाच्या नाकात विषाणू पोहोचवला होता. घरी आपल्याला तो कोणीतरी आणून द्यावा लागतो. आईचे आजारपण म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या, तिथल्या बाकांवरचे ताटकळणे, भेटायला येणारी माणसे. हे सगळे तुमच्या बाबतीत त्याच पाच महिन्यांत वाढले असणार. अधिक वेळा विषाणूशी गाठ पडली तर उत्तम झोपणाऱ्यालाही अधिक वेळा सर्दी होईल. प्रौढ माणसाला वर्षाकाठी दोन-तीन वेळा सर्दी होणे हे सर्वसाधारण मानतात. पाच महिन्यांत तीन म्हणजे त्याहून जास्त खरे, पण थोड्या दुर्दैवानेही तिथपर्यंत पोहोचता येते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो ताणाचा. ह्याच कोहेन ह्यांनी १९९१ साली इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या सर्दी-संशोधन केंद्रातल्या ३९४ स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथे मानसिक ताण जसजसा जास्त, तसतसे विषाणू दिल्यानंतर आजारी पडण्याचे प्रमाणही जास्त आढळले. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांवरचे काम तर ह्याहून नेमके आहे. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर ह्यांनी १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर त्यांच्या संमतीने साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात हे पाहिले. तशी जबाबदारी नसलेल्या समवयस्क स्त्रियांपेक्षा ह्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आता ह्यात झोपेचा वाटा किती, काळजीचा किती आणि स्वतःच्या खाण्यापिण्याकडे झालेल्या दुर्लक्षाचा किती, हे कोणी वेगळे काढून दाखवावे!

मोठ्या लोकसंख्येवरचे अभ्यास ह्याच कारणाने जपून वाचावे लागतात. अमेरिकेतल्या सुमारे ५७ हजार परिचारिकांवरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच किंवा कमी तास झोपणाऱ्यांत चार वर्षांतल्या न्यूमोनियाचे प्रमाण आठ तास झोपणाऱ्यांच्या १.३९ पट होते. पण नऊ किंवा अधिक तास झोपणाऱ्यांतही ते १.३८ पट होते! जास्त झोपेने न्यूमोनिया होतो असे ह्यावरून कोणी म्हणणार नाही. ज्यांची प्रकृती आधीच खालावलेली असते ती माणसे जास्त झोपतात, एवढाच त्याचा अर्थ असावा. मग कमी झोपेच्या बाजूलाही अशी उलटी कारणे थोडीफार असणारच, हे मान्य करायला हवे.

पेशीपुराण

गुणोत्तराचा खुलासा योग्य आहे, तो मीच करायला हवा होता. ताणाबद्दल मात्र एक दुरुस्ती सुचवतो. २०१५ च्या प्रयोगात प्रत्येकाचा मानसिक ताण, वजन, धूम्रपान, व्यायाम, ऋतू आणि त्या विषाणूविरुद्धची आधीची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) ह्या सगळ्यांची नोंद घेऊन त्यांचा परिणाम हिशेबातून वजा केला होता, आणि तरीही झोपेचा परिणाम टिकून राहिला. शुश्रूषा करणाऱ्यांच्या बाबतीत झोप आणि काळजी एकमेकींत गुंतलेल्या असतात हे खरे. पण म्हणून झोपेचा स्वतंत्र वाटा शून्य होत नाही.

शिवाय आकडेवारी बाजूला ठेवली तरी शरीरात काय घडते हे बऱ्यापैकी उलगडलेले आहे. रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत वृद्धी संप्रेरकाची पातळी चढते, आणि प्रतिकारपेशींना आवर घालणारे कॉर्टिसॉल त्या वेळी तळाला असते. ह्याच वेळी टी-पेशी, म्हणजे नेमका शत्रू ओळखून मारा करणाऱ्या प्रतिकारपेशी, रक्तातून निघून लसिकाग्रंथींकडे (लिम्फ नोडकडे) वळतात. तिथे शत्रूचा तुकडा घेऊन थांबलेल्या पेशींशी त्यांची गाठ पडते आणि कोणावर हल्ला करायचा हे त्या शिकतात. जागरणात ही वर्दळ मंदावते.

जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली आणखी एक बारकावा दाखवून दिला. बाधित पेशीला मारण्यासाठी टी-पेशीला आधी तिला घट्ट चिकटावे लागते, आणि हे चिकटणे इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांमुळे साधते. अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि प्रोस्टाग्लँडिन हे पदार्थ त्या चिकटपणाला खीळ घालतात. झोपेत अ‍ॅड्रेनालिनसारख्या पदार्थांची पातळी उतरते आणि खीळ निघते. त्यांनी त्याच माणसांचे रक्त एकदा झोपेत आणि एकदा रात्रभर जागे ठेवून तपासले, तेव्हा झोपेतल्या टी-पेशींचे इंटिग्रिन अधिक सक्रिय आढळले. ताणाचे रसायन आणि जागरणाचे रसायन इथे एकच आहे, हे तिरकस रेघ ह्यांनी ध्यानात घ्यावे. दोन्ही वेगळे काढणे अवघड का जाते त्याचे एक कारण हेच आहे.

मात्र 'प्रतिकारशक्ती कमी होते' हा शब्दप्रयोग मला वर्गातही खटकतो, कारण तो अर्धाच खरा आहे. सर्दीत नाक वाहते, घसा सुजतो आणि अंग दुखते ते बव्हंशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेने सोडलेल्या दाहकारक रसायनांमुळे. विषाणू थेट करतो ते नुकसान त्या मानाने थोडे असते. अशा प्रयोगांत विषाणू बहुतेकांच्या शरीरात शिरकाव करतो, पण आजारी पडतात ते त्यांतले काहीच. अपुऱ्या झोपेने एकीकडे नेमका मारा करणाऱ्या पेशी ढिल्या पडतात आणि दुसरीकडे दाहाची रसायने विनाकारण चढी राहतात. शक्ती कमी होण्यापेक्षा यंत्रणेचा ताळमेळ बिघडतो, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

ह्या संबंधाची उलटी बाजूही तितकीच विलक्षण आहे. संसर्ग झाला की झोप येते, ती अशक्तपणामुळेच येते असे नाही. इंटरल्यूकिन-१ सारखी प्रतिकारयंत्रणेची रसायने मेंदूवर परिणाम करून गाढ झोप वाढवतात. १९८२ साली मानवी मूत्रातून वेगळ्या काढलेल्या एका निद्राकारक पदार्थाची रचना उलगडली, तेव्हा तो जिवाणूंच्या कवचात आढळणाऱ्या म्युरॅमिल पेप्टाइडांपैकी निघाला. म्हणजे जिवाणूंचे अवशेष आपल्याला झोपवू शकतात! तापात अंथरूण सोडवत नाही तेव्हा शरीर आपल्याला मुद्दाम खाली दाबून ठेवत असते.

पहाटवारा

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. टक्क्यांवर आणि टक्क्यांनी ह्यातला फरक वाचून मला हसू आले आणि बऱ्याच दिवसांनी त्या संदेशाची भीती गेली. दवाखान्याच्या फेऱ्यांचा मुद्दाही खरा आहे. तिसऱ्या सर्दीच्या आधीच्या आठवड्यात मी तीनदा तिथल्या गर्दीत बसले होते, हे आता आठवते.

झोपमोडीबद्दलचा माझा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. तास वाढवणे सध्या माझ्या हातात नाही. रात्रीतून चार वेळा उठणे हे एकूण कमी झोपण्यापेक्षा वाईट असेल, तर मी भावाशी बोलून रात्रीची वाटणी वेगळ्या प्रकारे करू शकेन. म्हणजे आज आम्ही दोघेही थोडे थोडे उठतो, त्याऐवजी एकाने पूर्ण रात्र घ्यायची आणि दुसऱ्याने पूर्ण झोपायचे. ह्यात काही अर्थ आहे का?

तिसरी पाळी

मी डॉक्टर नाही, पण एकोणीस वर्षे फिरत्या पाळ्यांत काम केले आहे आणि त्यातली बारा वर्षे रात्रपाळीची होती. त्यामुळे ह्या विषयावर मिळेल ते वाचण्याची सवय लागली.

वर उल्लेख झालेल्या २००९ च्या प्रयोगातच तुमच्या प्रश्नाचे काही प्रमाणात उत्तर आहे. अंथरुणावरच्या वेळापैकी ९८ टक्के किंवा त्याहून अधिक वेळ झोपलेल्यांच्या तुलनेत ९२ टक्क्यांपेक्षा कमी वेळ झोपलेल्यांत सर्दीच्या शक्यतेचे गुणोत्तर ५.५ आले होते, म्हणजे तासांपेक्षाही ठळक. आठ तास अंथरुणावर असाल तर ९८ टक्के म्हणजे सारे मिळून दहा मिनिटे जाग, आणि ९२ टक्के म्हणजे अडतीस मिनिटे. नंतरच्या मनगटी उपकरणाच्या प्रयोगात मात्र ठळकपणे पुढे आला तो एकूण तासांचाच परिणाम. तेव्हा झोपमोड निरुपद्रवी नाही एवढे म्हणावे, तासांपेक्षा वाईट असे ठामपणे म्हणू नये.

तरीही तुमच्या जागी मी असतो तर वाटणी केली असती, पण तुम्ही म्हणता त्याहून थोडी निराळी. पूर्ण रात्र जागणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. त्यापेक्षा रात्रीचेच दोन भाग करावेत: एकाने दहा ते अडीच आणि दुसऱ्याने अडीच ते सात, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावे. दार लावणे महत्त्वाचे आहे. आपली पाळी नसतानाही हाक ऐकू येईल म्हणून कान टवकारून पडणे म्हणजे झोप नव्हे, आणि आईच्या बाबतीत मुलीला तेच सर्वांत अवघड जाते. अशा वाटणीत साडेचार तास तरी सलग मिळतात आणि पाळीच्या वेळी आई शांत असेल तर वर आणखी तास-दीड तास पदरात पडतो.

डुलकीबद्दल: फ्रान्समध्ये ११ तरुण पुरुषांना एका रात्री दोनच तास झोपू दिले होते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन डुलक्या घेऊ दिल्यावर, जागरणाने बिघडलेली नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि इंटरल्यूकिन-६ ह्यांची पातळी पूर्ववत झाली, असे २०१५ च्या त्या अभ्यासात नोंदवले आहे. अभ्यास अगदी लहान आहे आणि एका रात्रीपुरता आहे. पण माझ्या अनुभवाशी तो जुळतो, म्हणून सांगतो. दुपारी आई झोपली की कपड्यांच्या घड्या घालत बसू नका, तुम्हीही आडव्या व्हा.

स्टेथोस्कोप

लसीचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, म्हणून लिहिते. मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करते.

लसीला शरीर कसा प्रतिसाद देते ह्यावर झोपेचा परिणाम होतो, हे खरे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ तरुणांपैकी काहींना सहा रात्री फक्त चार चार तास झोपू देऊन त्या दरम्यान फ्लूची लस टोचली होती. दहा दिवसांनी त्यांच्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण नीट झोपलेल्यांच्या निम्म्यापेक्षाही कमी होते. मात्र तीन ते चार आठवड्यांनी हा फरक मिटला होता, आणि हे दुसरे वाक्य सहसा कोणी सांगत नाही. हिपॅटायटिस 'बी'च्या लसीवरील २०१२ च्या अभ्यासातला निष्कर्ष अधिक गंभीर होता: ४० ते ६० वयाच्या १२५ जणांमध्ये सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना पुरेसे संरक्षण न मिळण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. अशा सर्व अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ साली घेतला गेला, तेव्हा सहा तासांपेक्षा कमी झोपेचा परिणाम पुरुषांमध्ये स्पष्ट दिसला. स्त्रियांमध्ये चित्र धूसर राहिले, आणि संप्रेरकांच्या मासिक चढउताराची नोंद न ठेवणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले.

ह्यावरून लस पुढे ढकलावी असा निष्कर्ष मात्र काढू नका. तुमची झोप पुढच्या महिन्यात सुधारेल ह्याची खात्री नाही, फ्लूची साथ तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि थोडा मंद प्रतिसाद हा मुळीच नसलेल्या प्रतिसादापेक्षा केव्हाही बरा. शिवाय तुम्ही लस घेतल्याने आईचेही रक्षण होते. तिलाही ती द्यायची का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर लस घेण्याच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन-तीन रात्री भावाकडे सोपवा. ह्या वेळापत्रकाला कोणा मार्गदर्शक संस्थेचा शिक्का नाही, माझा तो व्यवहारी अंदाज आहे.

तीन आठवडे रेंगाळलेल्या खोकल्याबद्दल: साध्या विषाणुजन्य सर्दीनंतरही खोकला इतका टिकू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. पण तो अजून चालू असेल, बेडक्यात रक्त दिसत असेल, धाप लागत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तर झोपेवर खापर फोडून घरी बसू नका, तपासून घ्या. वारंवार संसर्ग होणाऱ्या माणसाची रक्तातली साखर एकदा पाहावीच, कारण मधुमेह हे त्याचे नेहमीचे आणि बरेचदा लपलेले कारण असते. आणखी एक विचारते. आईजवळ उठण्याची तुमची पाळी नसते त्या रात्रीनंतरही सकाळी डोके जड वाटते का, मोठ्याने घोरता असे कोणी सांगितले आहे का? झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात माणूस आठ तास अंथरुणात असूनही झोप तुटतच राहते, आणि तो विकार असणाऱ्यांत न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळलेले आहे. त्याला उपचार आहेत.

झोपेची संधी असूनही चिंतेने झोप लागत नसेल तर गोळीकडे वळण्याआधी निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराची चौकशी करा. प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून तोच सुचवला जातो. तुमचा प्रश्न सध्या संधीचाच दिसतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

पहाटवारा

घोरण्याबद्दल कोणी काही सांगितलेले नाही आणि खोकला आता पूर्ण गेला आहे. साखर मात्र चार वर्षांत तपासलेली नाही. ह्या आठवड्यात तपासते.

भावाशी काल बोलले. अडीचच्या वाटणीला तो तयार झाला, पण त्याला पहाटेची पाळी नको होती, म्हणून ती मी घेतली आहे. पहिल्या रात्री मी दार लावले आणि अर्ध्या तासाने उठून पुन्हा किलकिले केले. काल ते लावलेलेच ठेवले. लसीची वेळ येत्या शनिवारची घेतली आहे, आणि गुरुवारपासून सोमवारपर्यंतच्या रात्री भाऊ सांभाळणार आहे.

तिसरी पाळी

पहाटेची पाळी तुमच्याकडे आली ते बरेच झाले म्हणायचे. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या भागात येतो, तो तुम्हाला सलग मिळेल. फक्त दहाला खरोखरच दिवा मालवा. अकरापर्यंत फोन पाहत बसलात तर तो तास भावाच्या जागरणातून खर्च होतो, हे लक्षात असू द्या.